गिरगावबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न, आणि एका गिरगावकराची उत्तरं

दक्षिण मुंबईतल्या गिरगावात वाढलो हे कळलं की लोक तेच तेच प्रश्न विचारतात. काही जण पर्यटक म्हणून, काही जणांच्या आजोबांची इथे खोली होती म्हणून, आणि काही जणांना फक्त मिसळ कुठे खायची एवढंच हवं असतं. सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतोय.

गिरगाव नक्की कुठून कुठपर्यंत?

यावर गिरगावकरांचंच एकमत नाही. ढोबळमानाने पश्चिमेला चौपाटी आणि चर्नी रोड स्टेशन, उत्तरेला प्रार्थना समाज आणि ऑपेरा हाऊस, दक्षिणेला ठाकूरद्वार आणि पूर्वेला सी. पी. टँकच्या अलीकडेपर्यंत. चिराबाजारवाल्यांना विचारलं तर ते कधी 'आम्ही गिरगावचेच' म्हणतात आणि कधी मूड असेल तर 'आमचं चिराबाजार वेगळं' असंही म्हणतात. महापालिकेच्या हिशोबात हा सगळा भाग सी आणि डी अशा दोन वॉर्डांत वाटला गेलाय, त्यामुळे तक्रार करायला गेलात तर आधी आपण कुठल्या वॉर्डातले हेच शोधत बसायचं. पिनकोड ४००००४ असेल तर मात्र कुणी वाद घालत नाही.

इतक्या वाड्या कशा काय?

कारण हे सगळं एकेकाळी खरंच वाड्या-बागा होतं. नारळाची झाडं, शेतं, अधेमधे घरं. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, पिंपळवाडी, बोरभाट, मुगभाट ही नावं वाचली की काय पिकत असेल ते वेगळं सांगायला नको. काही वाड्यांना मालकाचं नाव आहे, उदाहरणार्थ झावबावाडी, खटाववाडी, खोताची वाडी. नंतर बागा गेल्या, चाळी आल्या, पण नावं तशीच राहिली. आज फणसवाडीत फणस शोधू नका, तिथे व्यंकटेशाचं मंदिर बघा, दाक्षिणात्य पद्धतीचं आहे आणि ऐन गिरगावात ते दिसलं की नवखा माणूस जरा गडबडतोच.

चर्नी रोड हे नाव कुठून आलं?

सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी की इथे गुरांची चरणी होती. १८३८ च्या सुमारास इंग्रजांनी मैदानात गुरं चारायला फी लावली, गरीब गवळ्यांना ती परवडेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी २०,००० रुपये खर्चून ठाकूरद्वारजवळ जागा घेतली आणि तिथे फुकट चराई चालू केली. दुसरा एक मतप्रवाह म्हणतो की ठाण्याच्या चेंदणी भागातले लोक इथे येऊन राहिले आणि चेंदणीचं चर्नी झालं. मला स्वतःला गुरांची गोष्ट जास्त आवडते, पण आवडणं म्हणजे पुरावा नाही.

चाळी कधी उभ्या राहिल्या आणि आतून कशा असतात?

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या निम्म्यात मुंबईत कापसाचा पैसा आला, गिरण्या आल्या, सरकारी कचेऱ्या वाढल्या आणि कोकणातून, देशावरून माणसं नोकरीला यायला लागली. परळ-लालबागला गिरणी कामगार गेले आणि गिरगावात जास्त करून कारकून, मास्तर, छापखान्यातले लोक, दुकानदार, छोटे वकील वगैरे आले. शेठ लोकांनी जमिनी घेऊन चाळी बांधल्या आणि भाड्याने दिल्या. म्हणजे एक गोष्ट लक्षात घ्या, ज्याला आपण मराठी गिरगाव म्हणतो त्यातल्या बहुतेक मराठी माणसांच्या मालकीची इथे एक वीटही नव्हती, ते भाडेकरू होते. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यातून निघतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आतून म्हणाल तर सागवानी खांब, लाकडी जिना, मजल्यावर एक लांब गॅलरी आणि गॅलरीला लागून ओळीने खोल्या. सिंगल रूम म्हणजे एकच खोली, डबल रूम म्हणजे पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी, वर सामानासाठी माळा. माळ्यावर सामान असतं असं नुसतं म्हणायचं, प्रत्यक्षात तिथे दहावीचा अभ्यास करणारा एक मुलगा असतो. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. पाणी पहाटे यायचं, त्यामुळे पिंप भरणं, हंडे भरणं आणि त्यावरून शेजारणीशी दोन शब्द होणं हे सगळं उजाडायच्या आत उरकायचं, आणि सात वाजता त्याच शेजारणीकडून वाटीभर साखर यायची. गॅलरीत उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत, दिवाळीत एकसारखे कंदील लागत आणि रात्री जागा नसलेल्या घरातले पुरुष तिथेच अंथरूण टाकत. हे सगळं ऐकायला छान वाटतं पण एक सांगतो, खाजगीपणा नावाची गोष्ट शून्य होती आणि नवीन लग्न झालेल्या जोडप्याचे काय हाल व्हायचे ते त्यांनाच माहीत.

गिरगाव फक्त मराठी लोकांचंच होतं का?

नाही. कधीच नव्हतं. पाठारे प्रभू इथले जुने, सारस्वत, सीकेपी, दैवज्ञ, कोकणस्थ, कऱ्हाडे नंतर येत गेले, पण ईस्ट इंडियन ख्रिश्चन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे स्थानिक ख्रिश्चन, त्यांच्याइतकेच जुने आहेत, शेजारी गोव्याचे लोक, गुजराती, पारशी, भाटिया, मारवाडी सगळे होतेच. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती ज्या चाळीत बसला त्या चाळीला केशवजी नाईक या गुजराती व्यापाऱ्याचं नाव आहे, आता बोला. भाषा मराठी, सणावारांचा चेहरा मराठी, नाटक-वाचनालय मराठी हे सगळं खरं, पण 'आधी फक्त आम्ही होतो, मग हे आले' ही गोष्ट इतिहासात बसत नाही.

खोताची वाडी एवढी फेमस का?

कारण आजूबाजूला चाळी आणि टॉवर असताना मधेच एकदम लाकडी जिने बाहेर काढलेली, कौलारू, रंगीत बंगल्यांची गल्ली लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीला दादोबा वामन खोत यांनी जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना राहायला दिली असं मानतात, म्हणून खोताची वाडी. घरांवर पोर्तुगीज वळण आहे, पुढे पडवी, बाहेरून जिना, नक्षीचे लाकडी कठडे. एकेकाळी अशी पन्नास-साठ घरं होती, आता त्यातली निम्म्याहून कमी उरलीत. वाडीत क्रूस आहे, मुंबईत असे बरेच क्रूस प्लेगच्या काळात उभारले गेले. बाजूला हिंदू घरं, पुढे गणपतीचा मंडप, आणि यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

एक विनंती, लोक तिथे राहतात. प्री-वेडिंगवाले भल्या सकाळी कॅमेरे, छत्र्या, घागरे घेऊन येतात आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून फोटो काढतात, आत माणूस दात घासत असतो. विचारून काढा ना, बहुतेक जण हो म्हणतात.

गणेशोत्सव पाहायचा तर कुठे जायचं?

दोन टोकं बघा. एक, खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईक चाळी. इथला उत्सव १८९३ पासून चालू आहे, मुंबईतला सगळ्यात जुना सार्वजनिक गणपती, १९०१ साली लोकमान्य टिळक स्वतः इथे येऊन गेले. मूर्ती अजूनही छोटी, घरच्यासारखी असते आणि पालखीतून नेतात. तिथे गर्दीचा रेटा नसतो, लाउडस्पीकरचा कहर नसतो, चाळीतल्या पोरांचे कार्यक्रम असतात. पहिल्यांदा बघणारा कधी कधी विचारतो, एवढाच? हो, एवढाच.

दुसरं टोक म्हणजे निकदवरी लेनमधला गिरगावचा राजा, १९२८ पासूनचा. मूर्ती वीस फुटांहून उंच आणि ती शाडूच्या मातीची, प्लास्टर ऑफ पॅरिसची नाही. एवढ्या उंचीची शाडूची मूर्ती म्हणजे मूर्तिकाराची परीक्षाच असते, कारण शाडू जड आणि सुकताना तडे जाण्याची भीती कायम.

अनंत चतुर्दशीला मात्र गिरगावात घर असेल तर सकाळीच दूध-भाजी आणून ठेवा. अर्ध्या मुंबईचे गणपती इथूनच चौपाटीला जातात, लालबागचा राजा पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. त्या दिवशी ज्या नातेवाइकांची खिडकी रस्त्यावर उघडते त्यांच्याकडे पाहुणे जास्त येतात, हा योगायोग नाही.

सिनेमाचा आणि गिरगावचा संबंध काय?

जवळचा आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला इथल्याच कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. पुढे १४ मार्च १९३१ ला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' मॅजेस्टिकला लागला आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले असं सांगतात. म्हणजे मुका सिनेमा आणि बोलका सिनेमा दोन्ही लोकांसमोर आले ते चालत जाण्याच्या अंतरावर. कोरोनेशन कधीचं गेलं, मॅजेस्टिक पाडून तिथे शॉपिंग सेंटर झालं. रॉयल ऑपेरा हाऊस मात्र वाचलं, कित्येक वर्षं कुलूपबंद होतं, डागडुजी होऊन २०१६ ला परत उघडलं, आतलं छत आणि बॉक्सेस बघायला तरी जाच.

पुस्तकं, नाटक, गाणं हे सगळं इथेच का जमलं?

कारण वाचणारा, नाटक बघणारा आणि शाळेत शिकवणारा माणूस इथेच भाड्याने राहत होता, दुसरं काय. मॅजेस्टिक सिनेमाजवळ कोठावळ्यांनी १९४२ साली पुस्तकांचा स्टॉल टाकला आणि थिएटरचं नाव पुस्तकाच्या दुकानाला लागलं. सिनेमा गेला, नाव पुस्तकांमुळे राहिलं, हे मला फार आवडतं. खटाववाडीत 'मौज' प्रकाशनाचा छापखाना, मराठीतल्या किती मोठ्या लेखकांची प्रुफं त्या गल्लीत तपासली गेली असतील त्याला गणती नाही. खाडिलकर रोडला 'नवाकाळ', कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ ला काढलेलं दैनिक, रस्त्यालाही त्यांचंच नाव. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ, संस्था १९३५ ची, डॉ. अ. ना. भालेरावांनी तिच्यासाठी आयुष्य वेचलं आणि आता त्या रस्त्यालाही त्यांचं नाव आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची सुरुवातसुद्धा १८९८ ला याच भागातली, दादरला ते नंतर गेलं. ऑपेरा हाऊसजवळ प्रोफेसर बी. आर. देवधरांचं संगीत विद्यालय, तिथे कुमार गंधर्व लहानपणी शिकायला आले.

याच्याही आधी सुधारकांचा काळ. प्रार्थना समाज १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंगांनी सुरू केला, नाक्याला त्याचं नाव पडलं आणि आता बसचा कंडक्टर 'प्रार्थना समाऽऽज' ओरडतो तेव्हा उतरणाऱ्या किती जणांना माहीत असतं की ही एक चळवळ होती. आर्य समाजाची स्थापना १८७५ ला गिरगावातच झाली. आणि नाना शंकरशेटांनी १८४० च्या दशकाच्या शेवटी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली तेव्हा लोकांनी नावं ठेवली, त्यांनी लक्ष दिलं नाही.

चौपाटीवर टिळकांचा पुतळा का आहे?

१ ऑगस्ट १९२० ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार चौपाटीच्या वाळूत झाले. तिथे स्मशान नव्हतं, पण गर्दीच एवढी होती की दुसरीकडे कुठे मावली नसती. चौपाटी सभेची जागा म्हणूनही ओळखली जायची. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वेळी, २० नोव्हेंबर १९५५ ला, मोरारजी देसाई आणि स. का. पाटील या काँग्रेस नेत्यांची सभा इथेच लोकांनी उधळून लावली, आणि दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका ती सभा कालच झाल्यासारखी सांगायच्या, कोणी कुठून चप्पल भिरकावली इथपर्यंत.

चौपाटीवर राइट बंधूंच्या आधी विमान उडालं होतं हे खरं का?

शिवकर बापूजी तळपदे खरे, ते याच भागातले, त्यांना विमानविद्येचा नाद होता हेही खरं. पण १८९५ ला चौपाटीवर विमान उडवलं याला भरवशाचा पुरावा नाही. व्हॉट्सअॅपवर आलं तर पुढे पाठवू नका.

खायला कुठे जायचं?

मिसळीसाठी ठाकूरद्वारजवळचं विनय हेल्थ होम. नाव ऐकून काकडीचा रस मिळेल असं वाटतं, तर तसं नाही. पियूष आणि उपासाचे पदार्थ पणशीकरांकडे. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद झालं, मासे अप्रतिम आणि वाढणारे तिरसट, जास्त वेळ टेबल अडवलं तर सरळ उठवायचे, आणि तरी लोक रांगा लावायचे. बाकी उरलेल्या जागा मी सांगणार नाही, आधीच बसायला जागा मिळत नाही.

मराठी माणूस गिरगावातून गेला कुठे आणि का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं, की बाहेरच्यांनी हाकललं. मला ते अर्धवट वाटतं.

झालं असं की १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, साधारण १९४० च्या पातळीवर. त्यामुळे कारकुनाच्या पगारात माणूस दक्षिण मुंबईत, समुद्रापासून पाच मिनिटांवर राहू शकला, तेही पिढ्यान्पिढ्या, महिना काही रुपयांत. गिरगावची सगळी संस्कृती, नाटकं, वाचनालयं, गणपती, या स्वस्त भाड्यावर उभी होती, हे आपण कबूल करत नाही. पण तेच भाडं मालकाला इतकं कमी पडायला लागलं की तो इमारतीला हात लावेना. गळती भाडेकरूंनी ताडपत्री घालून थांबवायची, जिन्याची पायरी मोडली की वर्गणी काढायची. १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, भाडेकरूंकडून उपकर घ्यायला सुरुवात झाली, चाळीला लोखंडी-लाकडी टेकू लागले आणि ते टेकू काही चाळींना एवढे वर्षं राहिले की पोरं त्यांना धरून आंधळी कोशिंबीर खेळायची.

इकडे घरात माणसं वाढली. दोन भाऊ, दोघांची लग्नं, एक डबल रूम. कुणीतरी एकाने डोंबिवली, बोरिवली, ठाणे, पार्ले गाठायचं हे ठरलेलंच. खोली विकायची तर ती आपली नाही, मग पागडी. नवीन भाडेकरू पैसे देणार, त्यातला मोठा हिस्सा, साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त, मालक घेणार आणि पावती नवीन नावावर करून देणार. ऑपेरा हाऊसला हिऱ्यांचा बाजार जोरात होता तेव्हा व्यापाऱ्यांना कामाच्या जवळ जागा हवी होती आणि द्यायला पैसे होते. त्या पैशांत डोंबिवलीला स्वतःच्या मालकीचा, आत संडास असलेला वन बीएचके येत होता. आयुष्यभर डबा हातात घेऊन गॅलरीच्या टोकाला रांगेत उभ्या राहिलेल्या बाईने तो घेतला, तर तिला कोण काय बोलणार? पुढे हिरेवालेही बरेचसे बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, गेले, ते वेगळं.

त्रास झाला नाही असं नाही. काही नव्या इमारतींमध्ये मासे-मटण खाणाऱ्याला घर नाही असा अलिखित नियम असतो, आणि तोही चिराबाजारच्या मासळी बाजारापासून हाकेच्या अंतरावर, याचा राग येतोच आणि आला पाहिजे. पण जे गेले त्यातले बहुतेक जण स्वतःच्या मर्जीने, हिशोब करून गेले आणि मग शनिवारी परत येऊन 'काय राहिलं नाही हो गिरगावात' म्हणत मिसळ खातात. त्यात मीपण आलो.

मेट्रोने काय फरक पडला?

मेट्रो ३ चं गिरगाव स्टेशन ऑक्टोबर २०२५ ला चालू झालं. रस्ता एवढा अरुंद की वरून सगळं खोदणं शक्य नव्हतं, बरंचसं काम बोगद्यासारखं आतून केलं. तरी काळबादेवी-गिरगावातल्या काही इमारती पाडाव्याच लागल्या, रहिवाशांनी बरीच वर्षं भांडून त्याच भागात पुनर्वसन मागून घेतलं. कामाच्या काळात धूळ, हादरे, पत्रे लावून बंद केलेले रस्ते, दुकानदारांचा धंदा बसला. आता तीच मंडळी एसी डब्यातून बीकेसीला जातात आणि खूश आहेत. गिरगावकर कशावरही आधी चिडतो, मग वापरतो.

बघायला कधी यावं?

गुढीपाडव्याला सकाळी. फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघते, ढोल-ताशा, लेझीम, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका, सगळं असतं. नाहीतर साधा कुठलाही आठवड्याचा दिवस, दुपारी चारच्या सुमाराला, चर्नी रोडला पूर्वेकडे उतरून चालायला लागा. गाडी आणू नका. पार्किंग नाही, नव्हतं आणि होणार नाही.

गिरगावात पागडीची खोली मिळतेय, घेऊ का?

आधी भाड्याची पावती कुणाच्या नावावर आहे ते बघा, घर दाखवणाऱ्याच्या की त्याच्या वारलेल्या वडिलांच्या. बाकीच्या वारसांच्या सह्या घ्या. पागडीच्या व्यवहाराला १९९९ च्या कायद्याने मान्यता आहे, त्यामुळे सगळं रोखीत आणि तोंडी उरकायची गरज नाही, मालकाची लेखी संमती घ्या. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती मंडळाचा उपकर भरणारी, आहे का, पुनर्विकासाचा प्रस्ताव गेलाय का, किती भाडेकरूंनी संमती दिलीये हे विचारा. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात, तेवढ्यावर डोळा ठेवून बरेच जण खोली घेतात, पण बिल्डर अर्ध्यात पळाला तर वर्षानुवर्षं ट्रान्झिट कॅम्पमध्ये काढावी लागतात आणि अशी माणसं प्रत्येक वाडीत दोन-चार सापडतील, त्यांच्याशी आधी बोला. पैसे देण्याआधी वकिलाला कागद दाखवा, आणि एकदा पावसाळ्यात जाऊन वरच्या मजल्याचं छत बघून या.